ट्रफल्सना फ्लेवरवाली साखर लावायचीये, पण सकाळपर्यंत सगळी सादळते

साखरदाणा:

नमस्कार मंडळी. घरी डार्क चॉकलेटची ट्रफल्स बऱ्यापैकी नेहमी करते मी. साधीच पद्धत, गरम क्रीम चॉकलेटवर ओतून गनाश करायचं, फ्रीजमध्ये घट्ट झालं की गोळे वळायचे आणि कोको पावडरमध्ये घोळवायचे. छान होतात, त्यात काही अडचण नाही. पण घरातल्या निम्म्या लोकांना कोकोची कडवट भुकटी ओठांना लागलेली आवडत नाही आणि डबा उघडला की सगळे एकसारखे तपकिरी गोळे, म्हणून यावेळी भेट द्यायच्या डब्यात चार-पाच वेगवेगळ्या स्वादाच्या साखरेत घोळवलेली ठेवावी असं डोक्यात आलंय. संत्रं, दालचिनी, कॉफी, स्ट्रॉबेरी, जमलं तर पुदिना. चावलं की आधी साखर दाताखाली करकर वाजली पाहिजे आणि मग आतलं मऊ चॉकलेट, असं हवंय मला.

थोडी करून बघितली. घोळवल्या घोळवल्या फार सुंदर दिसत होती, दाणे चमकत होते, आणि सकाळी डबा उघडला तर साखर जवळजवळ गायब, वर नुसता चिकट पाक आणि खालचा कागद ओला. पिठीसाखर लावलेली तर त्याच्याही आधी गेली, थोड्याच वेळात डाग पडायला लागले होते तिच्यावर.

तर साखर कोरडी राहायला नक्की काय करायचं? कुठली साखर घ्यायची (साधी दाणेदार आणि पिठी दोन्ही आहेत, मिक्सर, ओव्हन, वजनकाटा आहे), आणि स्वादासाठी इसेन्स घालायचा की रस की अजून काही? १०० ग्रॅम साखरेला साधारण किती? कोणी नेहमी करत असेल तर जरा सविस्तर सांगा प्लीज, मोघम प्रमाण बरंच वाचलंय आत्तापर्यंत.

कोकोबटर:

साखरेचा काही दोष नाही, पाणी गनाशमधून येतंय. क्रीममध्ये निम्म्याहून जास्त पाणीच असतं आणि साखरेला पाण्याची प्रचंड ओढ. साध्या खोलीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात जवळजवळ २०० ग्रॅम साखर विरघळते, म्हणजे गोळ्यावर जेवढी ओल येईल तिच्या दुप्पट वजनाची साखर ती ओल गिळून टाकणार, आणि एका गोळ्याला साखर लागते तरी किती, चिमूट-दोन चिमूट. त्यात एकदा वर पाकाचा थर आला की तो आतलं आणखी पाणी ओढून घेतो, म्हणून रात्रभर हे वाढतच जातं. पिठीसाखरेचे कण बारीक, त्यामुळे ती सगळ्यात आधी जाते.

उपाय एकच खरा, गनाश आणि साखर यांच्यामध्ये चॉकलेटचा पातळ पडदा हवा. चॉकलेटमध्ये पाणी जवळपास नसतंच, सगळा कोकोबटरचा, म्हणजे कोकोच्या चरबीचा कारभार, त्यामुळे ओल सहजी बाहेर येऊ शकत नाही. ट्रफल पूर्ण बुडवून जाड कवच करायची गरज नाही, हातानेच लावायचं. डार्क चॉकलेट वितळवा, दोन चमचे तळहातावर घ्या आणि गोळा दोन्ही तळहातांत हलकेच फिरवा, लाडू वळताना शेवटी जसा नुसता गुळगुळीत करतो ना तेवढ्याच दाबाने. चॉकलेटचा हा पहिला हात (म्हणजे थर) दिला की गोळे कागदावर ठेवून पूर्ण सुकू द्या. त्यात हमखास कुठेतरी बारीक छिद्र राहतं आणि नेमकी तिथूनच साखर ओली होते, म्हणून दुसरा हात द्यायचाच, आणि साखर लावायची ती या दुसऱ्या हातावर.

इथे वेळ साधणं महत्त्वाचं. चॉकलेट अगदी ओलं असताना साखरेत टाकलं तर दाणे आत बुडतात आणि चमक जाते, पूर्ण सुकलं तर चिकटतच नाहीत. चकाकी जाऊन पृष्ठभाग जरा मंद दिसायला लागला, बोट लावलं तर चिकट लागतंय पण बोटाला काही येत नाही, की गोळा साखरेच्या थाळीत टाकायचा, थाळी हलवून हलवून साखर सगळीकडून बसू द्यायची आणि चॉकलेट घट्ट होईपर्यंत साखरेतच राहू द्यायचा. चिमट्याने किंवा बोटाने उचलायची घाई केली तर टक्कल पडतं. चॉकलेट लागलेले हात साखरेला लावू नका, हे शेवटपर्यंत पाळा नाहीतर साखरेत चॉकलेटच्या गुठळ्या होतात, सोबत कोणी असेल तर साखरेचं काम त्यांना देऊन टाका.

अजून एक, गोळे फ्रीजमधून काढून लगेच हातात घेऊ नका. थंडगार गोळ्यावर चॉकलेट क्षणात आळतं, साखर लावायला वेळच मिळत नाही, आणि नंतर आतलं गनाश गरम होऊन फुगलं की कवचाला तडे जातात. १८-२० अंशांपर्यंत येऊ द्या आधी.

चॉकलेट टेंपर करा शक्यतो, म्हणजे वितळवून ढवळत ढवळत ठरावीक तापमानापर्यंत उतरवायचं, की ते कडक आळतं. दोन तृतीयांश चॉकलेट ४५-५० अंशांपर्यंत वितळवायचं, उरलेलं बारीक चिरून त्यात ढवळत ढवळत घालायचं आणि डार्क असेल तर ३१-३२ ला आणायचं. टेंपर न केल्याने येणारे पांढरे पट्टे साखरेखाली दिसणार नाहीत हे खरं, पण टेंपर न केलेलं कवच मऊ राहतं, हातात घेतलं की साखरेसकट बोटांना लागतं आणि तुम्हाला हवी असलेली ती करकर मिळत नाही.

मंद_आच:

कोकोबटर यांनी पडद्याचं नीट सांगितलंय, मी साखरेकडे वळते कारण माझा जीव त्यात आहे.

साखर पिठी नको आणि दाणेदार आहे तशीही नको. पिठीसाखर करकरत नाही आणि बाजारच्या पिठीत बऱ्याचदा स्टार्च असतो, तो जिभेला पिठूळ लागतो. दाणेदार जाड असेल तर मऊ गनाशबरोबर ती खडे चावल्यासारखी वाटते, चॉकलेट विरघळून जातं आणि साखर तोंडात उरते. मधली हवी, बारीक रव्याएवढी. दाणेदार साखर मिक्सरला एक-एक सेकंद फिरवायची, सलग नाही, आणि मग चहाच्या गाळणीतून चाळायची, खाली पडेल ती पिठी बाजूला ठेवायची आणि गाळणीत उरलेली वापरायची. ही चाळणी टाळू नका, साखर एकसारखी बसते ती याच्यामुळेच.

स्वादाचा नियम म्हणजे साखरेत पाणी जाता कामा नये. रस अजिबात नाही. इसेन्स चालतो पण थेंबांत, १०० ग्रॅमला पाव टीस्पून पुरे, बोटांनी चोळून थाळीत पसरून पूर्ण कोरडा करायचा. पण खरं सांगू का, संत्र्याला इसेन्स लावणं म्हणजे संत्र्यावर अन्याय. संत्र्याचा वास असतो सालीतल्या तेलात. एका मध्यम संत्र्याची साल १०० ग्रॅम साखरेला. संत्रं धुऊन अगदी कोरडं पुसायचं, बारीक किसणीवर फक्त वरचा केशरी भाग घ्यायचा, पांढरं आलं की थांबायचं, ते कडू. मग किस साखरेत घालून बोटांच्या टोकांनी चोळत बसायचं. साखरेच्या कडा सालीवर घासतात, तेलाच्या पिशव्या फुटतात, आणि दोन-तीन मिनिटांत साखर ओलसर वाळूसारखी होते, हलका केशरी रंग चढतो आणि खोलीभर वास सुटतो. ही मिक्सरमध्ये फिरवून करता येते पण किस तापतो, चिकट गोळा होतो आणि वासही मंद येतो, हाताचीच करा.

आता ही साखर लगेच वापरायची नाही. बटर पेपरवर पातळ पसरून रात्रभर उघडी ठेवायची, हवा दमट असेल तर ओव्हन ५०-६० अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून अर्धा-पाऊण तास. जास्त तापवलं तर वास उडून जातो, म्हणून घाई नको. गार झाल्यावर गुठळ्या बोटांनी मोडायच्या, चाळायची, झाली. लिंबाचीही अशीच.

दालचिनी सगळ्यात सोपी, मुळात कोरडीच, १०० ग्रॅमला एक ते दीड टीस्पून अगदी बारीक पूड. जाड असेल तर भुसा खाल्ल्यासारखी लागते. सुंठ अर्धा टीस्पून, वेलची अर्धा टीस्पून. लाल तिखट घालून बघायचं असेल तर पाव टीस्पूनच्या वर जाऊ नका, डार्क चॉकलेटवर ते उशिरा चढतं आणि मग उतरत नाही. जाडसर मीठ पाव टीस्पून कुठल्याही साखरेत घाला, चॉकलेट उठून येतं.

व्हॅनिला मात्र वाट बघायला लावते. एका शेंगेतले दाणे खरवडून २०० ग्रॅम साखरेत चोळायचे, रिकामी शेंग तुकडे करून त्यातच पुरायची आणि हवाबंद बरणीत आठवडा-दोन आठवडे मुरू द्यायची. वाळवलेल्या गुलाबपाकळ्या (खाण्याच्या, फुलवाल्याकडच्या नव्हेत, त्यांच्यावर फवारणी असते) साखरेबरोबर फिरवल्या की रंग फार सुंदर येतो, चव नाजूक, ती डार्कवर हरवते, व्हाइट चॉकलेटवर खुलते.

घाईघाईत:

मी थोडं वेगळं सांगतो, दर वेळी चॉकलेट टेंपर करत बसायला वेळ नसतो. त्याच दिवशी खायची असतील तर पडदा नसला तरी चालतं. गनाश घट्ट करा, डार्क चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग वजनाने, गोळे वळून रात्रभर गार कोरड्या खोलीत कागदावर उघडे ठेवा, वर हलकी सुकी साय धरते, आणि वाढायच्या जेमतेम आधी साखरेत घोळवा. दोन-तीन तास तरी दाणे खणखणीत राहतात, तेवढ्यात संपतातच.

आणि कोको आवडत नाही म्हणून पूर्ण सोडू नका. एक भाग कोको आणि तीन भाग बारीक साखर एकत्र करून बघा, कडवटपणा जातो, आणि कोको थोडी ओल शोषून घेतो त्यामुळे नुसत्या साखरेपेक्षा ती जरा उशिरा सादळते. दालचिनी यात मस्त लागते.

कोकोबटर:

@घाईघाईत, त्याच दिवशी खायला हे ठीक आहे, मान्य. पण त्यांना डबे भरून द्यायचेत, समोरचा माणूस कधी उघडेल सांगता येत नाही, त्यामुळे पडद्याशिवाय देऊ नयेत असं माझं ठाम मत. दोन भाग-एक भाग प्रमाण मात्र दोन्हीकडे लागू आहे, व्हाइट चॉकलेटचं गनाश असेल तर तीन भाग घ्या, ते मऊ पडतं.

दवबिंदू:

गनाशमधल्या पाण्याबद्दल बोलून झालं, पण हवेतलं पाणीही तेवढंच त्रास देतं, त्याबद्दल लिहितो.

शुद्ध साखर हवेतली आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांपर्यंत गेली की आपोआप ओली व्हायला लागते, त्याच्या खाली बऱ्यापैकी तग धरते. गंमत अशी की तिच्यात दुसरा विरघळणारा पदार्थ मिसळला की ही मर्यादा खाली येते, आणि दोन्ही पदार्थांच्या वेगवेगळ्या मर्यादांपेक्षाही खाली. सायट्रिक अ‍ॅसिड, मीठ, फळांची पूड, सगळ्यांना हे लागू. म्हणून आंबट-गोड साखर करायची म्हणून सायट्रिक अ‍ॅसिड घातलं की ती साखर साध्या साखरेच्या कितीतरी आधी चिकट होते, पडदा असला तरी. आंबटपणा हवाच असेल तर तो गनाशमध्ये घाला, किंवा आंबट साखर वेगळ्या पुडीत द्या, खाताना भुरभुरायला.

स्ट्रॉबेरीचंही हेच. ताजी किंवा उन्हात वाळवलेली विसरा, फ्रीझ-ड्राइडच (गोठवून निर्वातात वाळवलेली) घ्यायची, ती पूर्ण कोरडी आणि ठिसूळ असते. १०० ग्रॅम साखरेला १५-२० ग्रॅम. साखर आधी रवाळ करून चाळून ठेवायची, स्ट्रॉबेरी वेगळी कुटायची, बिया चाळून काढायच्या आणि मग दोन्ही मिसळायचं, कारण एकत्र मिक्सरला लावलं तर साखरेचं पीठ होतं. पाकीट फोडलं की लगेच वापरायची, उघडं राहिलं तर हवा ओढून चामड्यासारखी होते. रंग अफलातून येतो.

कॉफीला इन्स्टंट नको, ती हवेतलं पाणी झपाट्याने ओढते आणि साखरेवर काळे चिकट ठिपके पडतात. भाजलेल्या बिया एस्प्रेसोला दळतात तेवढ्या बारीक दळून १०० ग्रॅमला दोन टीस्पून. पुदिन्याला ताजी पानं वाटून घातली तर रंग हिरवागार येतो पण पाणी फार, वाळवेपर्यंत तपकिरी पडते. वाळलेली पानं चुरून घाला किंवा खाण्याचं पेपरमिंट तेल, १०० ग्रॅमला एक थेंब, चाखून बघा आणि मगच दुसरा. फार तीव्र असतं ते.

शेवटचा मुद्दा फ्रीजचा, बऱ्याच जणांची साखर इथेच जाते. थंड ट्रफल बाहेरच्या हवेत आलं की त्याच्यावर दव धरतं, अगदी थंड पाण्याच्या बाटलीवर धरतं तसंच, आणि साखर संपली. फ्रीजमध्ये ठेवायचीच असतील तर हवाबंद डब्यात, आणि बाहेर काढल्यावर डबा बंदच ठेवायचा, आतली ट्रफल्स खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, दोन तास तरी, मग झाकण उघडायचं. म्हणजे दव धरलंच तर डब्यावर धरेल. १५-१८ अंशांची कोरडी जागा मिळाली तर काही दिवस फ्रीजची गरजही नाही. क्रीमची ट्रफल्स आहेत, फ्रीजमध्ये ठेवूनही दोन आठवड्यांत संपवा.

साखरदाणा:

बापरे, केवढं सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. दोन हातांचा पडदा आणि चाळलेली साखर पक्की केली. अजून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. स्ट्रॉबेरीच्या साखरेखाली पडदा व्हाइट चॉकलेटचा दिला तर गुलाबी रंग उठून दिसेल ना, की ते ओल अडवत नाही? आणि कॅरॅमलच्या चवीची साखर करता येईल का, साखर जाळून कुटून वगैरे?

कोकोबटर:

व्हाइट चालेल, तेही कोकोबटरच, ओल अडवतं. फक्त २८-२९ अंशांवर काम करा, डार्कपेक्षा कमी, आणि वितळवताना ४५ च्या वर नेऊ नका, दुधामुळे ते पटकन खाली लागून रवाळ होतं. खालून गडद गनाश दिसायला नको असेल तर पहिला हात डार्कचा न देता दोन्ही हात व्हाइटचेच द्या. ट्रफल आधीच गोड होतं त्यामुळे त्या बॅचचं गनाश जरा कडक डार्कचं घ्या, ७० टक्क्यांचं वगैरे, म्हणजे तोल राहतो.

मंद_आच:

कॅरॅमल करून ओतून कुटलेली साखर या कामाला घेऊ नका. गार झाल्यावर ती काचेसारखी असते, तिच्यात दाणे उरलेले नसतात, आणि अशी काच हवेतून पाणी ओढायला बसलेलीच असते, दमट दिवशी काही तासांत तारा सुटतात. त्याऐवजी भाजलेली साखर करा, मला स्वतःला या सगळ्यांत हीच जास्त आवडते. दाणेदार साखर पसरट ट्रेमध्ये दोन-अडीच सेंटिमीटर थरात घालून १५० अंशांवर ओव्हनमध्ये ठेवायची आणि दर अर्ध्या तासाने काढून खालची वर करायची, कडेची आत. तीन-चार तास लागतात. आधी हस्तिदंती होते, मग फिकट बदामी, वास टॉफीचा आणि गोडवा किंचित कमी. दाणे दाण्यांसारखेच राहतात. कडेला पाघळतेय असं दिसलं तर लगेच बाहेर काढून ढवळा आणि ओव्हन थोडा कमी करा. आच बंद केल्यावरही ढवळत राहायचं, गरम साखरेतून वाफ निघत असते, झाकली किंवा तशीच सोडली तर ढेप होते. पूर्ण गार झाली की मिक्सर, गाळणी, वरच्यासारखंच. हिच्यात मिठाचे दाणे घातले की दुसरं काही लागत नाही.

दवबिंदू:

डबे भरताना पुदिना वेगळा ठेवा, शक्यतो वेगळ्या डब्यातच. चॉकलेटमधली चरबी आजूबाजूचे वास फार लवकर धरते आणि दोन दिवसांत संत्रं, व्हॅनिला, कॉफी सगळ्याला पुदिन्याचा वास येतो. दालचिनीही थोडी आगाऊच आहे पण ती कॉफीशेजारी खपून जाते. प्रत्येक ट्रफल छोट्या कागदी वाटीत बसवा, एकमेकांना घासली की साखर झडते. आणि साखरा आधी करून ठेवल्यात तरी चालतील. व्हॅनिला आणि मसाल्यांच्या हवाबंद बरणीत महिनोन्महिने टिकतात, संत्रा-लिंबाचा वास मात्र दोन-तीन आठवड्यांत उतरायला लागतो, स्ट्रॉबेरीची तर ज्या दिवशी ट्रफल्स घोळवणार त्याच दिवशी करा.